लेथ एक, कामे दोन

दसरा-दिवाळी आटोपली की यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या गावांत कापसाच्या गाड्या दिसू लागतात. बैलबंड्या, ट्रॅक्टर, टेम्पो यांच्या रांगा जिनिंगच्या फाटकापर्यंत येतात आणि पुढचे तीन-चार महिने तेथील यंत्रांना उसंत नसते. अशा ऐन हंगामात एखाद्या रात्री पट्ट्याची पुली शाफ्टवर नुसतीच फिरू लागते. मोटार चालू आहे, पट्टा चालू आहे, पण शाफ्ट जागचा हलत नाही. पुली आणि शाफ्ट यांना एकत्र बांधून ठेवणारा पोलादी चौकोनी तुकडा, ज्याला कारखान्यात ‘चावी’ म्हणतात, तो चेचला गेलेला असतो आणि त्याने जाता जाता शाफ्टमधील आपली खाचही फाडलेली असते. आता नवा शाफ्ट हवा, आणि त्यात नवी खाच हवी.

शाफ्ट कातून देणारा लेथ तालुक्याच्या गावी हमखास सापडतो. खाच पाडणारे मिलिंग मशीन मात्र बहुधा नसते. त्यासाठी यवतमाळ गाठायचे, तेथे नंबर लागला नाही तर अमरावती किंवा नागपूर. तोवर फाटकाबाहेर गाड्या उभ्या. म्हणूनच मिस्त्री लोक पूर्वापार दोन उपाय करीत आले. एक म्हणजे ओळीने भोके पाडून, छिन्नीने मधला भाग उडवून, कानशीने घासून हातानेच खाच तयार करणे. यात कौशल्य आहे, पण एवढी एक खाच करण्यात अर्धा दिवस जातो. दुसरा उपाय म्हणजे पुली सरळ शाफ्टला वेल्डिंगने चिकटवून टाकणे. हा उपाय नसून उधारी आहे. पुढच्या वेळी बेअरिंग बदलायचे झाले की पुलीही कापावी लागते आणि शाफ्टही.

तिसरा एक मार्ग आहे. तो म्हणजे ज्या लेथवर शाफ्ट कातला त्याच लेथवर मिलिंग करणे. घाटंजीच्या वर्कशॉपला तो जितका उपयोगी, तितकाच पुण्या-नाशकात घराच्या पडवीत छोटा लेथ थाटून बसलेल्या हौशी माणसालाही. मिलिंग मशीन विकत घेण्याची ऐपत दोघांचीही नसते, किंवा असली तरी ते ठेवायला जागा नसते. हा मार्ग स्वस्त आहे, परंतु तो ज्या अटींवर स्वस्त आहे त्या नीट समजून घेतल्या पाहिजेत. नाहीतर खाच होते, पण लेथ बिघडतो, आणि लेथ म्हणजे त्या दुकानाची रोजीरोटी.

फिरते कोण, थांबते कोण?

लेथवर वस्तू फिरते आणि हत्यार स्थिर असते. चकमध्ये पकडलेला गज गरगर फिरतो, त्याच्या अंगाला टूल टेकवले की धातूचा कीस निघतो आणि गज गोल होतो. मिलिंगमध्ये याच्या नेमके उलट घडते. दातेरी कटर फिरतो आणि वस्तू त्याच्यापुढून हळूहळू सरकवली जाते. त्यामुळे गोल नसलेल्या गोष्टी, म्हणजे सपाट पृष्ठभाग, खाचा, चौकोन, षटकोन करता येतात.

मग लेथवर कटर चकच्या जागी बसवला आणि वस्तू टूलच्या जागी घट्ट बांधली, तर मिलिंग का होऊ नये? होते. किंबहुना मिलिंगचा जन्मच असा झाला. कातण्याच्या यंत्रावर दातेरी चाक, एक प्रकारची फिरती कानस, बसवून काम करण्याची युक्ती घड्याळजी आणि बंदुका बनविणाऱ्या कारागिरांना आधी सुचली, स्वतंत्र मिलिंग मशीन नंतर आले. येथे कापसाच्या मुलखाला जवळचा वाटावा असा एक योगायोग आहे. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या करवती रेच्याचे पेटंट १७९४ साली घेणारा अमेरिकेचा एली व्हिटनी हाच पुढे मिलिंग मशीनचाही जनक मानला गेला. १८१८ च्या सुमाराचे म्हणून दाखविले जाणारे एक यंत्र त्याच्या नावावर बरीच वर्षे मोडत होते. रॉबर्ट वुडबरी यांच्यासारख्या इतिहासकारांनी १९६० च्या सुमारास ही कथा तपासली आणि ते श्रेय एकट्या व्हिटनीचे नाही असे दाखवून दिले. त्या काळात न्यू इंग्लंडमधील बंदुकांच्या अनेक कारखान्यांत असे प्रयोग चालू होते. आपल्याकडच्या जिनिंगमध्ये आजही मुख्यतः रोलरचे रेचे चालतात, व्हिटनीचे करवती नव्हेत, तेव्हा त्याचे आपल्यावर फारसे ऋण नाही. पण कापूस पिंजणाऱ्या यंत्राच्या शाफ्टला खाच पाडताना हे नाव आठवावे, इतका हा योगायोग मजेदार आहे.

इंग्लंडमध्ये १८९८ साली ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू झाले. घरच्या लेथवर वाफेची छोटी इंजिने बनविणाऱ्या हौशी मंडळींचे ते मुखपत्रच होते. अशा मंडळींपाशी मिलिंग मशीन क्वचितच असे, त्यामुळे लेथवर मिलिंग करण्याचे शास्त्र त्यांनीच बारकाईने घडविले. १९४६ मध्ये आलेल्या ‘मायफर्ड एमएल-७’ या छोट्या लेथला तर उभी स्लाइड हे जोडसाधन ठरलेलेच होते. आपल्या वर्कशॉपांतील बटाला किंवा राजकोटच्या लेथला, अथवा १९४१ साली हरिहर येथे स्थापन झालेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या जुन्या, अजून कुठे कुठे टिकून असलेल्या लेथला अशी स्लाइड सहसा मिळत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते किंवा बनवावी लागते.

तिसरी दिशा

लेथवर दोन दिशांनी हालचाल करता येते. कॅरेज बेडवरून डावीकडे-उजवीकडे सरकते आणि तिच्यावरील क्रॉस स्लाइड पुढे-मागे सरकते. वर-खाली जाण्याची सोय लेथला नाही, कारण कातकामात तिची गरजच पडत नाही. मिलिंगला ती लागते. उभी स्लाइड म्हणजे क्रॉस स्लाइडवर उभी बोल्ट केलेली एक लहान स्लाइड. तिचा स्क्रू फिरवला की तिच्यावर बांधलेली वस्तू वर किंवा खाली जाते. तीन दिशा पूर्ण झाल्या.

ही स्लाइड नसेल तर? तर वस्तूखाली पत्र्याचे तुकडे, म्हणजे शिम, घालून उंची साधायची. एकच खाच पाडायची असेल तर एवढ्याने भागते. जुन्या लेथच्या क्रॉस स्लाइडवर टी आकाराचे खोबणे नसतात. अशा वेळी टूलपोस्टची वरची छोटी स्लाइड काढून ठेवावी आणि तिच्या बोल्टच्या जागी वीस-पंचवीस मिलिमीटर जाडीची, भोके आणि आटे पाडलेली पोलादी प्लेट बसवावी. ही प्लेट त्याच लेथवर फेस करून सपाट करता येते. भंगारातून आणलेल्या जाड पाटीवर दीड दिवस खर्च केला तर पुढची अनेक वर्षे हेच टेबल होते. या कामात मला सर्वांत चांगला वाटणारा खर्च हाच आहे.

पैसा कुठे घालावा?

नवशिक्याचा पहिला विचार असा असतो की चांगला कटर आणू आणि तो चकमध्ये पकडू. नेमके येथेच चुकते. एंडमिलची दांडी कठीण पाणी दिलेली आणि गुळगुळीत असते. तीन जबड्यांचा चक तिला तीन अरुंद रेषांवर पकडतो, आणि जुन्या चकचे जबडे तोंडाशी झिजून फाकलेले असतात. त्यात एंडमिलच्या पीळदार दातांचा गुण असा की कापताना कटर आपल्या पकडीतून पुढे, वस्तूच्या दिशेने ओढला जातो. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा कट घ्यायला निघालेला कटर हळूच पुढे सरकत एक, दीड, दोन मिलिमीटर खोल जातो. मग किंचाळल्यासारखा आवाज होतो आणि कटर मोडतो, किंवा शाफ्ट वाया जातो. ड्रिल चकमध्ये एंडमिल पकडणे तर याहून वाईट. तो फक्त सरळ दाब सोसण्यासाठी असतो, बाजूचा धक्का त्याला मानवत नाही.

उपाय म्हणजे कॉलेट. फाका असलेली ही पोलादी नळी कटरच्या दांडीला चहूबाजूंनी सारखी आवळते. ईआर प्रकारचे कॉलेट आता बाजारात सहज मिळतात. कॉलेटचा चक मोर्स टेपरच्या शेपटीसह घेतला तर तो लेथच्या स्पिंडलमध्ये, लागल्यास मधली स्लीव्ह घालून, थेट बसतो. मात्र केवळ टेपरच्या घर्षणावर विसंबू नये. ड्रिलचा दाब टेपरला आत ढकलतो, मिलिंगची थरथर त्याला बाहेर काढते. म्हणून स्पिंडलच्या पोकळीतून मागच्या बाजूने आटे पाडलेला एक लांब गज घालून चक मागे ओढून धरावा लागतो. याला ड्रॉबार म्हणतात. तीन नंबरच्या टेपरला सहसा १२ मि.मी.चे आटे असतात. हा गज विकत आणावा लागत नाही. लेथ समोरच उभा आहे, एका तासात तो तयार होतो. पण तो न करता काम रेटणारे अनेक जण असतात, आणि फिरता कटर चकसकट सुटून बाहेर येणे हा या साऱ्या उद्योगातला सर्वांत धोकादायक प्रसंग आहे.

कटरची निवडही महत्त्वाची आहे. चावीच्या खाचेसाठी दोन दातांचा स्लॉट ड्रिल घ्यावा. त्याचा एक दात मध्यापर्यंत कापतो, म्हणून तो ड्रिलसारखा सरळ आत उतरू शकतो. चार दातांच्या साध्या एंडमिलच्या मध्यभागी बहुधा धारच नसते. त्याला जबरदस्तीने आत दाबले की तो नुसताच घासतो आणि तापतो. एचएसएस म्हणजे हायस्पीड स्टीलचे कटर येथे कार्बाइडपेक्षा बरे. कार्बाइड वेगवान आणि घट्ट यंत्रासाठी आहे. आपल्या लेथची थोडीशी थरथर त्याचे दात टवकवून टाकते.

खर्चाचा अंदाज असा. कटर काही शे रुपयांत येतो, कॉलेटचा संच आणि चक काही हजारांत, उभी स्लाइड त्याहून थोडी जास्त. बरे जुने मिलिंग मशीन मात्र लाखाच्या घरात जाते, आणि त्याला जागा, पाया व वीजही हवी.

एक खाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा जिनिंगचा तोच शाफ्ट आहे. व्यास ४० मि.मी., लांबी अडीच फूट, खाच टोकाशी, ६० मि.मी. लांब. भारतीय मानक आयएस २०४८ च्या कोष्टकाप्रमाणे ३८ ते ४४ मि.मी. व्यासाच्या शाफ्टला १२ मि.मी. रुंद आणि ८ मि.मी. उंच चावी लागते. शाफ्टमधील खाच ५ मि.मी. खोल, पुलीमधील ३.३ मि.मी. खोल. चावीच्या डोक्यावर ०.३ मि.मी. मोकळी जागा राहते. ती मुद्दाम ठेवलेली असते, कारण या चावीने ओझे आपल्या बाजूंवर घ्यायचे असते, डोक्यावर नव्हे.

ओझे किती? दहा अश्वशक्तीची मोटार शाफ्टला मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरवत असेल तर पीळ सुमारे २३७ न्यूटन-मीटर येतो. शाफ्टच्या पृष्ठभागावर, म्हणजे केंद्रापासून २० मि.मी. अंतरावर, चावीच्या बाजूवर पडणारा जोर साधारण १,२०० किलो वजनाइतका असतो. खाच सैल असेल तर प्रत्येक सुरुवातीला आणि कापसाचा बोळा अडकून बसणाऱ्या प्रत्येक धक्क्याला हे १,२०० किलो हातोड्यासारखे आदळतात. मूळ चावी अशीच चेचली गेली असण्याची शक्यता मोठी. म्हणून १२ मि.मी.ची खाच नेहमीच्या बसणीत १२ च्या वर जाऊच नये, खाली गेली तर ०.०४३ मि.मी.पर्यंत चालते. चावी मग हलक्या हातोडीने बसते आणि हलत नाही.

आता बांधणी. शाफ्ट लेथच्या बेडला आडवा, म्हणजे क्रॉस स्लाइडच्या दिशेने ठेवायचा. खाच पाडायचे टोक स्पिंडलच्या समोर आणि उरलेला शाफ्ट मागे बाहेर. लेथ भिंतीला टेकून उभा असेल तर हा पेच आधीच लक्षात घ्यावा, ऐन वेळी भिंत आडवी येते. शाफ्ट दोन व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून पट्ट्यांनी आवळावा, बाहेर लोंबणाऱ्या भागाखाली गुळगुळीत माथ्याचा टेकू द्यावा. टेकू नसेल तर शाफ्टच्या वजनाने टोक वर उचलले जाते आणि खाच एका बाजूला उथळ होते. शाफ्ट याहून फार लांब असेल तर ही पद्धत सोडावी. अशा वेळी शाफ्ट नेहमीप्रमाणे चक आणि टेलस्टॉक यांच्यामध्ये पकडून, न फिरवता, टूलपोस्टच्या जागी मोटारीसह छोटे मिलिंग हेड बसवतात आणि कॅरेज सरकवून खाच पाडतात. हँड ग्राइंडर बांधून हे काम होईल असे अनेकांना वाटते. होत नाही. ग्राइंडरचा वेग एंडमिलच्या कित्येक पट असतो, कटर क्षणात निळा पडतो.

शाफ्टचा मध्य कटरच्या मध्याशी नेमका जुळवावा लागतो. कॉलेटमध्ये कटरऐवजी १० मि.मी.चा सरळ गुळगुळीत गज पकडावा. मशीन बंद ठेवून शाफ्ट गजाच्या खाली आणावा आणि मधे कागदाची पट्टी घालून स्लाइड हळूहळू वर घ्यावी. कागद अडकून ओढला जाईनासा झाला की गज शाफ्टला टेकला. आता शाफ्टची अर्धी जाडी २०, गजाची ५ आणि कागदाची सुमारे ०.१, एवढे म्हणजे २५.१ मि.मी. स्लाइड वर न्यायची. त्याआधी शाफ्ट गजापासून बाजूला घ्यायला विसरू नये. काही मिस्त्री यासाठी फिरत्या कटरखाली सिगारेटचा पातळ कागद धरतात. त्यांचे हात सराईत असतील, तरी कागदाबरोबर बोट जाण्याचे प्रसंग घडतात. बंद गजाने तेच माप मिळते.

१२ मि.मी.ची खाच १२ च्या कटरने एका दमात पाडण्याचा मोह टाळावा. कटर डायलवर दशांश मिलिमीटर डोलत असेल तर खाचही तेवढीच रुंद होते, आणि मग वरची सारी मोजदाद फुकट. १० मि.मी.च्या कटरने मधली खाच पूर्ण खोल करावी, नंतर शाफ्ट वर-खाली थोडा थोडा सरकवून दोन्ही बाजू मोजत मोजत रुंद कराव्या. येथे एक नियम पाळावा लागतो. कटरचा दात ज्या दिशेने जातो त्याच्या विरुद्ध वस्तू सरकवायची. त्याच दिशेने सरकवली तर दात वस्तूला आपल्याकडे खेचतो. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूमध्ये जुन्या लेथवर पाव-अर्धा फेरा ढिलेपणा असतोच. तेवढे अंतर वस्तू एका झटक्यात पुढे उडी घेते आणि कटर मोडतो. मोठ्या मिलिंग मशीनवर उलटी पद्धतही वापरतात, कारण तेथे हा ढिलेपणा काढून टाकण्याची सोय असते. येथे नाही.

वेग किती ठेवायचा? साध्या पोलादासाठी एचएसएस कटरची धार मिनिटाला सुमारे २५ मीटर या वेगाने जावी. १० मि.मी. व्यासाला त्याचे गणित मिनिटाला ८०० फेऱ्यांपर्यंत जाते. पट्ट्याच्या पुलीवर चालणारे पुष्कळसे जुने लेथ तेवढे फिरत नाहीत. हरकत नाही, ६०० वर चालवावे आणि वस्तू त्या मानाने सावकाश न्यावी. दाताला ०.०४ मि.मी. कीस, दोन दात, ६०० फेरे, म्हणजे मिनिटाला ४८ मि.मी. एका पारीत अर्धा मिलिमीटर खोल गेले तर दहा पाऱ्यांत पाच मिलिमीटर होतात. साठ मिलिमीटरच्या खाचेला एक पारी सव्वा मिनिटाची, म्हणजे प्रत्यक्ष कापणे तेरा मिनिटांच्या आत संपते. बाजू रुंद करणे आणि मोजणे यांत याहून जास्त वेळ जातो. बांधणीत तासभर जातो, तो वेगळाच. कापताना तेल किंवा साबणाचे पाणी सोडत राहावे आणि कीस ब्रशने काढावा.

खोली मोजण्याची अडचण खास लेथची आहे. कटर आत शिरतो तो कॅरेज सरकल्यामुळे, आणि जुन्या लेथच्या कॅरेजच्या चाकावर आकड्यांची डायल नसते. त्यावर एक साधी युक्ती आहे. गिअरची साखळी सोडवून हाफ नट लावावा आणि लीड स्क्रू हाताने फिरवावा. स्क्रूला दर इंची चार आटे असतील तर एका फेऱ्यात कॅरेज ६.३५ मि.मी. सरकते. एक अष्टमांश फेरा म्हणजे ०.८ मि.मी. स्क्रूच्या टोकाला घरी बनविलेली पत्र्याची डायल लावली की पाव मिलिमीटरही हिशेबात येतो. प्रत्येक वेळी खोली दिल्यावर कॅरेज बेडला लॉक करावी. जी स्लाइड हलवायची नाही ती आवळलेली हवी आणि जी हलवायची तिचा गिब किंचित घट्ट. खाच झाल्यावर तिच्या तळापासून शाफ्टच्या विरुद्ध बाजूपर्यंत मोजावे. ४० मधून ५ गेले, ३५.० मि.मी. आले पाहिजेत. वरून मोजता येत नाही, कारण वरचा गोल भाग कापला गेलेला असतो.

पुलीच्या आतली खाच

शाफ्टचे काम झाले तरी पुलीच्या भोकातील खाच उरते, आणि तेथे फिरता कटर शिरूच शकत नाही. तेथे लेथ स्लॉटिंग मशीनचे काम करतो. पुली चकमध्ये, स्पिंडल गिअरमध्ये अडकवून स्थिर, टूलपोस्टमध्ये आडव्या धारेचे टूल, आणि कॅरेज हाताने पुढे-मागे. प्रत्येक खेपेला ०.१ मि.मी.हून कमी. ३.३ मि.मी. खोलीसाठी पस्तीस-चाळीस खेपा सहज लागतात, आणि १२ मि.मी. रुंदीचे टूल एकदम दाबणे कॅरेजच्या दातेरी पट्टीला जड जाते, म्हणून अरुंद टूलने दोन टप्प्यांत करावे. घाम निघतो. पण बिडाच्या पुलीला ही खाच उत्तम बसते आणि यासाठी एक रुपयाही जादा लागत नाही, फक्त टूल घासून घ्यावे लागते.

इतर कामे थोडक्यात. सपाट पृष्ठभागासाठी महाग फेस मिल नको. एका जाड गजाच्या आडव्या भोकात लेथचेच तुटके टूल स्क्रूने आवळले की फ्लाय कटर तयार होतो. ४० मि.मी.च्या घेरात फिरणाऱ्या टूलला २०० फेरे पुरतात. एकच दात असल्याने प्रत्येक फेऱ्याला एक ठोका बसतो, म्हणून कट हलका ठेवावा. बोल्टच्या डोक्याचा षटकोन करायचा असेल तर टूलपोस्टवरचे ते मिलिंग हेड वापरावे, आणि बोल्ट चकमध्ये धरून स्पिंडलच्या मोठ्या गिअरचे दात मोजावेत. साठ दातांचा गिअर असेल तर दर दहा दातांना एक बाजू. इंजिनच्या किंवा पंपाच्या बॉडीतील मोठे भोक साफ करायचे तर बॉडी क्रॉस स्लाइडवर बांधून दोन सेंटरांमधून बोअरिंग बार फिरवतात. ही पद्धत मिलिंगच्याही आधीपासूनची आहे आणि लेथ तिच्यासाठी खरोखर योग्य आहे.

नाही म्हणावे अशी कामे

लेथच्या स्पिंडलची बेअरिंगे मुख्यतः अखंड, एकसारख्या कापण्यासाठी बसवलेली असतात. मिलिंगचे ठोके त्यांना अधूनमधून सोसतात, रोज आठ तास नाही. एखाद्या कारखान्याने दोनशे तुकड्यांचे मिलिंग देऊ केले तर दर कितीही चांगला असला तरी घेऊ नये. त्या दोनशे तुकड्यांनी स्पिंडल ढिला झाला की नंतरचा प्रत्येक शाफ्ट दोन-तीन शतांश अंडाकृती निघतो, आणि गिऱ्हाईक कारण न सांगता दुसरीकडे जाऊ लागते. मोठे बिडाचे पृष्ठभागही टाळावेत. बिडाची भुकटी तेलात मिसळून बेडवर बसली की ती वाळूच्या कागदासारखी बेड घासते. थोडे काम करावेच लागले तर बेड पत्र्याने झाकावा आणि नंतर पुसून काढावा. जाड दात्यांचे गिअर आणि एक इंचाहून मोठे कटर हे खऱ्या मिलिंग मशीनकडेच पाठवावे.

सुरक्षिततेबद्दल एकच गोष्ट विस्ताराने सांगण्यासारखी आहे. टर्नरच्या अंगवळणी लेथच्या सवयी असतात. त्याला माहीत असते की फिरणारी वस्तू गोल आणि डावीकडे आहे, हातापाशी आहे ते टूल स्थिर आहे. मिलिंगमध्ये हे उलटते. आता धारदार दाते फिरत असतात आणि हात ज्या वस्तूपाशी जातो ती नेमकी त्या दात्यांसमोर असते. कीस बोटाने बाजूला करण्याची वर्षानुवर्षांची सवय येथे बोट घेते. गळ्यातला दुपट्टा, सैल बाही आणि हातमोजे काढून ठेवावेत, आणि मोजमाप स्पिंडल पूर्ण थांबल्यावरच घ्यावे. आयटीआयमध्ये टर्नर आणि मशिनिस्ट हे दोन निराळे व्यवसाय शिकवतात, ते उगाच नव्हे. टर्नरने एका दिवसापुरते मशिनिस्ट व्हायचे ठरवले तर पहिली खाच गिऱ्हाइकाच्या शाफ्टवर न पाडता टाकाऊ गजाच्या तुकड्यावर पाडून पाहावी. बांधणी तीच ठेवून कटर, फेरे, खोली सारे तपासता येते आणि चूक झाली तर भंगाराचाच तुकडा जातो.

खाच झाली, चावी तयार झाली. चावीच्या कडा कानशीने किंचित मोडाव्यात, खाचेतील बर काढावी, आणि चावी तांब्याच्या किंवा लाकडी हातोडीने शाफ्टमध्ये बसवावी. बोटाने दाबून ती आत गेली तर खाच सैल आहे. अशा वेळी थोडी रुंद चावी घासून बसवता येते, पण पुलीतील खाचही त्या मापाने करावी लागते. जोर लावूनही ती अर्ध्यावर अडली तर खाचेची बाजू शतांश-दोन शतांशाने पुन्हा घ्यावी, आणि त्यासाठी शाफ्ट बांधणीतून सोडलेला नसावा. पुली चढवल्यावर चावीच्या डोक्यावर पातळ पत्ती सरकते की नाही ते पाहावे. सरकली तर डोके मोकळे आहे. पहिल्या दिवशी चार-पाच तास जिनिंग चालल्यावर मशीन थांबवून पुली हाताने पुढे-मागे हलवून पाहावी. ‘टक्’ असा आवाज आला नाही तर शाफ्ट यवतमाळला पाठवायची गरज नाही.